दार्जिलिंगमधला एक दिवस, सहा माणसं आणि बाबांचा गुडघा

तिखटमीठ:

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, शेवटी आज मुहूर्त लागला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण दार्जिलिंगला गेलो होतो. मी, नवरा, लेक (आठवी), धाकटा (दुसरी) आणि सासूसासरे. बाबांचं वय ७४, उजवा गुडघा कामातून गेलेला, पण ऑपरेशनचं नाव काढलं की दुसऱ्या खोलीत निघून जातात. अख्ख्या ट्रिपचं लिहीत बसले तर दिवाळी अंक होईल, म्हणून फक्त एका दिवसाचं लिहिते. नरकचतुर्दशीचा दिवस.

आधी हॉटेलचं रडगाणं. नाव लिहीत नाही, माणसं चांगली होती. बुकिंग करताना लिहिलं होतं की चौरस्त्यापासून तीनशे मीटर. चौरस्ता म्हणजे तिथला मॉल, डोंगराच्या धारेवरचं मोठ्ठं पटांगण, गाड्यांना बंदी. तीनशे मीटर म्हणजे काय, आपल्याकडे दूध आणायला जातो तेवढं, असं म्हणून मी खूश. तिथे गेल्यावर कळलं की ते तीनशे मीटर आडवे नाहीत, उभे आहेत! नुसत्या पायऱ्या, मध्ये एक वळण, परत पायऱ्या. अख्खं गावच तसं आहे म्हणा, एका रस्त्यावरनं दुसऱ्या रस्त्यावर जायचं तर एक तर गाडीने मैलभर वळसा नाहीतर कुणाच्या तरी घराच्या दारातनं जाणाऱ्या पायऱ्या. त्यामुळे डोंगरातल्या गावात कुणी अंतर सांगितलं की लगेच विचारायचं, चढ किती आणि पायऱ्या किती. गाडी उभी राहते तिथनं आमच्या दोन मोठ्या बॅगा एका बाईंनी नेल्या, कपाळाला पट्टा लावून पाठीवर, त्या पट्ट्याला नाम्लो म्हणतात. बाबा मागनं हातात फक्त पाण्याची बाटली घेऊन चालले होते आणि त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की पुढच्या वेळी दोन छोट्या बॅगा घेऊ म्हणाले.

तर चतुर्दशी. टायगर हिलला सूर्योदय बघायला पहाटे पावणेचारला निघायचं होतं. आईंनी नाशकाहून निघतानाच उटणं, तेल आणि (हे मला तिथे जाऊन कळलं) एका डबीत एक कारीट पॅक केलेलं. नाहीतरी उठायचंच आहे तर अभ्यंगस्नान का सोडायचं, हा त्यांचा मुद्दा, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण दार्जिलिंगला पाण्याची बोंब. हॉटेलवाल्याने आदल्या रात्रीच सांगितलेलं, माणशी एक बादली गरम पाणी. मग तीन वाजता त्या थंडीत कुडकुडत, एकेक बादलीत, उटण्यासकट सहा अंघोळी झाल्या, कारीट बाथरूमच्या उंबऱ्यावर डाव्या अंगठ्याने फुटलं, धाकट्याने दोनदा फोडलं. आयुष्यात पहिल्यांदा सूर्योदयाच्या आधी सगळ्यांचं अभ्यंगस्नान उरकलं होतं. नाशकात हे आजवर कधी जमलेलं नाही.

टायगर हिल गावापासून ११ किलोमीटर. गाडीला आदल्या दिवशी कूपन काढावं लागतं, ते ड्रायव्हर दादांनीच काढलेलं. वर गर्दी म्हणजे कुंभमेळ्याची आठवण यावी अशी, थर्मासमधनं कॉफी विकणाऱ्या बायका माणसांतून वाट काढत फिरत होत्या, त्यांच्या हातची कॉफी ठीकठाक पण गरम, तिथे तेवढंच पुरतं. सगळे पूर्वेकडे मोबाईल धरून उभे. ड्रायव्हर दादा आधीच सांगून ठेवलेले की सूर्याकडे बघत बसू नका, डावीकडे बघा. आणि खरंच, सूर्य अजून वर यायचाच होता तेव्हा कांचनजंगाच्या शेंड्यावर आधी गुलाबी, मग केशरी आणि मग एकदम तापलेल्या तांब्यासारखा रंग चढला. ८५८६ मीटर उंच, म्हणून ऊन आधी तिथे पोचतं आणि आपण खाली अजून अंधारात. बाबा भूगोलाचे शिक्षक होते. चाळीस वर्षं फळ्यावर जे शिकवलं ते समोर चाललेलं, त्यामुळे धाकट्याला समजावून सांगायला लागले आणि मध्येच थांबले. चष्मा पुसत बसले. मी काही विचारलं नाही.

एव्हरेस्टही दिसतो, पण पार लांब डावीकडे नखाएवढा, आणि शेजारचा मकालू जवळ असल्याने त्याच्यापेक्षा मोठा वाटतो. आमच्या बाजूचे एक काका मकालूलाच एव्हरेस्ट समजून फोटो काढत होते, कुणी त्यांचा भ्रमनिरास केला नाही.

येताना बतासिया लूप. तिथे टॉय ट्रेनचे रूळ बागेभोवती गोल फिरून स्वतःच्याच खालनं जातात, मध्ये गोरखा जवानांचं युद्धस्मारक. मजा म्हणजे रुळांवरच स्वेटर-मफलरचा बाजार भरतो, गाडीची शिट्टी ऐकू आली की दोन मिनिटांत सगळं उचलतात, गाडी गेली की परत मांडतात. आईंनी तिथे चार मफलर घेतले आणि भाव करण्यात वीस मिनिटं घालवली.

आणि मग दिवसातली सगळ्यात भारी गोष्ट. परत येताना बघतोय तर रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा! कपाळाला टिळा! एक नाही दोन नाही, जो दिसेल तो. मुलं गाडीत किंचाळायला लागली. दादा म्हणाले आज कुकुर तिहार, कुत्र्यांची पूजा. नेपाळी लोकांची दिवाळी म्हणजे तिहार, आदल्या दिवशी कावळ्याचा मान, चतुर्दशीला कुत्र्याचा. आपण त्या दिवशी यमासाठी दिवा लावतो आणि कुत्रा यमाचा दूत, म्हणजे मूळ एकच की, हे आईंनी ताबडतोब जोडून दाखवलं. पुढच्या वळणावर गाडी थांबवायला लावली आणि एका माळवाल्या कुत्र्याला शंकरपाळे घातले. दादांना चकली-चिवड्याचा डबा दिला. ते आईंना आमा म्हणायचे, बाबांना बाजे. बाजे म्हणजे आजोबा, हे कळल्यावर बाबांचा चेहरा जरा पडला.

नाश्ता करून झू बघायला. पद्मजा नायडू पार्क आणि हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, एकाच आवारात, एकाच तिकिटात. गेटपासूनच चढ सुरू होतो आणि एचएमआय पार वरच्या टोकाला. दादांनी त्यांचा मंत्र सांगितला. उकालो म्हणजे चढ, ओरालो म्हणजे उतार. बाजेंना उकालो बिस्तारै बिस्तारै न्या, म्हणजे सावकाश, ओरालो मग काय आपोआप होतो. बाबा दर पिंजऱ्याला थांबत, रेड पांडा झाडावर शेपूट लोंबकळत झोपलेला बघत, हिमबिबट्यासमोर बाकावर दहा मिनिटं बसत, व्यवस्थित वर पोचले. संग्रहालयात जुने दोर, बूट, ऑक्सिजनची नळकांडी. १९५३ मध्ये हिलरी आणि तेनझिंग एव्हरेस्टवर पोचले, त्याच्या पुढच्याच वर्षी ही संस्था निघाली आणि तेनझिंग तिथले पहिले प्रशिक्षणप्रमुख. त्यांची समाधी आणि पुतळाही तिथेच. लेक नुसती बूट बघत उभी होती, म्हणाली आई, हे घालून? आपल्या ट्रेकिंग शूजना काय काय फीचर्स लागतात!

गडबड उतरताना झाली. आपण सगळे चढाचं टेन्शन घेतो ना, बाबांचा गुडघा उताराला गेला. वीस पावलांवर चेहरा पांढरा. नवऱ्याचा खांदा धरून, आडवं होत, कसंबसं गेटपर्यंत आले. सेव्हन पॉइंटची, म्हणजे सात ठिकाणं दाखवणारी गाडी ठरवलेली, त्यातले उरलेले सगळे पॉइंट तिथल्या तिथे रद्द केले. नवरा म्हणाला अगं पैसे दिलेत. म्हंटलं दिलेत तर दिलेत.

फक्त टॉय ट्रेनची जॉय राइड ठेवली कारण तिचं तिकीट आधीच काढलेलं आणि तिथे बसायचंच असतं. दार्जिलिंग ते घूम आणि परत, दोन तास. आम्ही वाफेच्या इंजिनाचं घेतलं, डिझेलपेक्षा बरंच महाग आहे पण तिथवर जाऊन डिझेल कशाला. गाडी दुकानांच्या इतकी जवळनं जाते की हात बाहेर काढला तर वेफर्सची माळ हातात येईल. घूम २२५८ मीटरवर, देशातलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन. पहाटे उटणं लावून उजळलेले सहाही जण दुपारी तोंडावर कोळशाची बुकणी घेऊन उतरलो.

संध्याकाळी चौरस्ता. तिथे पाचला अंधार पडतो हे लक्षात ठेवा, आपल्या हिशोबाने बाहेर पडलात तर काहीच दिसत नाही. बाबा बाकावर बसले, शेजारी एक कलकत्त्याचे निवृत्त गृहस्थ, दोघांचे गुडघे एकाच बाजूचे, जमलंच. आम्ही मागच्या टेकडीवर महाकाल मंदिरात जाऊन आलो. चढ खडा आहे. वर गाभाऱ्यात एका बाजूला पुजारी आणि एका बाजूला लामा, दोघं शेजारी शेजारी बसून आपापलं म्हणतात, भोवती पताका आणि घंटा. पूर्वी तिथे बौद्ध मठ होता, दोर्जे लिंग, त्यावरनं गावाचं नाव. आईंनी दोघांकडनंही धागा बांधून घेतला.

परत हॉटेलला उतरायला त्या तीनशे मीटर पायऱ्या आणि अंधार आणि बाबा. पाऊण तास लागला. त्यावर काय करायला हवं होतं ते जाणकारांनी सांगा, कारण आता मे महिन्यात त्यांना सिमल्याला जायचंय. हो, त्यांनाच जायचंय.

---

डोंगरवाट:

मस्त लिहिलंयस गं. कुकुर तिहारचं वाचून इतकं छान वाटलं. आमच्या सोसायटीत त्या दिवशी कुत्री फटाक्यांना घाबरून जिन्याखाली लपलेली असतात.

---

हट्टी_प्रवासी:

छान वर्णन, पण टायगर हिल मला प्रचंड ओव्हररेटेड वाटतं. तीनला उठायचं, गाड्यांच्या रांगेत धूर खायचा, आणि ढग असले की परत. आम्ही मे मध्ये गेलेलो, समोर फक्त पांढरं. दुसऱ्या दिवशी कुठेच गेलो नाही तर सहाला चौरस्त्याच्या मागे टेकडीला वळसा घालणारा रस्ता आहे ना, तिथे शाल गुंडाळून फिरायला गेलो आणि अख्खी कांचनजंगा समोर, फुकट. बाकड्यावर बसून बघितली. म्हाताऱ्या माणसांना घेऊन मी तरी तेच करीन.

---

तिखटमीठ:

@हट्टी_प्रवासी, तेही केलं दुसऱ्या दिवशी, सुंदरच आहे. आणि तो वळसा बऱ्यापैकी सपाट आहे, बाबा पूर्ण चालले. पण टायगर हिलवर जो रंग चढताना दिसतो तो तिथे सहाला जाऊन नाही मिळत हो, तोवर ती पांढरी झालेली असते. एकदा तरी जावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात.

---

कळंबोलीकर_६६:

आम्ही एका दिवसात दहा पॉइंट केले होते. पहाटे ४ ते रात्री ८. पीस पॅगोडा, रोपवे, तेनझिंग रॉक, चहाचा मळा, सगळं. प्लॅनिंग व्यवस्थित असेल तर होतं.

---

वरणभात:

@कळंबोलीकर_६६ पॅगोडा कसा होता?

---

कळंबोलीकर_६६:

पांढरा.

---

वरणभात:

:)) माझा मुद्दा मी मांडलाच नाही, तुम्हीच मांडलात.

---

सुभेदार_निवृत्त:

माझी त्या भागात पोस्टिंग होती, तीन वर्षं. पाण्याबद्दल लिहितो. गावाला पाणी येतं ते टायगर हिलच्या खालच्या सिंचल तलावांतून. इंग्रजांच्या काळातली व्यवस्था, तेव्हाच्या मूठभर वस्तीसाठी केलेली. आता वस्ती केवढी आणि सीझनला पर्यटक केवढे. पाऊस धो धो पडतो पण डोंगरावर थांबत नाही, सरळ खाली. म्हणून हॉटेलं टँकर घेतात आणि घरोघरी माणसं झऱ्यावरनं कॅन भरून आणतात. एक बादली दिली म्हणून हॉटेलवाल्यावर कृपया चिडू नये. बाईंनी त्या एका बादलीत अभ्यंगस्नान बसवलं, त्यांना माझा सॅल्यूट सांगा.

बतासियाला स्मारकापाशी दोन मिनिटं थांबत जा लोकहो. बहुतेक जण नेपाळी ड्रेस भाड्याने घेऊन फोटो काढतात आणि निघतात, त्या दगडावरची नावं कुणी वाचत नाही.

---

नेरळ_लोकल:

टॉय ट्रेनचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही. दार्जिलिंगची १८८१ ची, आपली नेरळ-माथेरान १९०७ ची, आणि दोन्हीचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) एकच, दोन फूट. दार्जिलिंगच्या लाइनला दातेरी रूळ वगैरे काही नाही, नुसत्या चाकांच्या पकडीवर चढते. चढ जास्त झाला की दोन युक्त्या, एक तर बतासियासारखा स्वतःभोवती वळसा, नाहीतर झिगझॅग, म्हणजे गाडी पुढे जाते, थांबते, उलटी मागे चढते, परत पुढे. हे झिगझॅग बघायचे तर जॉय राइडमध्ये दिसत नाहीत, खाली सिलिगुडीच्या बाजूला आहेत. पूर्ण प्रवास ८८ किलोमीटर, दिवस जातो. मी केलाय, कंबर गेली, परत करीन. १९९९ पासून जागतिक वारसा आहे.

आणि गाडीबंदीचं म्हणाल तर माथेरान अख्खंच आहे. पण तिथे वडीलधाऱ्यांसाठी घोडा तरी असतो.

---

पायमोडके:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून जरा लांब लिहिते, चालवून घ्या.

तुमच्या बाबांचं जे झालं ते अगदी नेहमीचं आहे. चढताना दम लागतो, छाती भरते, म्हणून माणूस थांबतो, म्हणून गुडघा वाचतो. उतरताना दम लागत नाही म्हणून कुणी थांबत नाही, आणि प्रत्येक पावलाला शरीराचा भार वाकलेल्या गुडघ्यावर झेलला जातो. वाटीच्या मागे झीज असेल तर कळ तिथेच येते. तुमचे ड्रायव्हर म्हणाले ओरालो आपोआप होतो, ते तरण्या पायांचं गणित झालं.

पायऱ्यांचा सोपा नियम, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एका पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात, दुखऱ्या बाजूला नाही. बहुतेक सगळे उलटं धरतात, सिनेमातले म्हातारेसुद्धा. कठडा असेल तर कठडा. आणि पायऱ्यांपेक्षा वळसा घालून जाणारा रस्ता लांब पडला तरी बरा.

सिमल्याचं म्हणाल तर खालच्या कार्ट रोडवरून मॉलला जायला लिफ्ट आहे, तिकीट काढून वर जाता येतं. पण मॉलवरून रिजवर (वरचं मोकळं पटांगण) आणि जाखूच्या टेकडीवर जायला परत चढ आहेच. हॉटेल मॉलच्या पातळीवरच घ्या, खालचं स्वस्त मिळालं तरी नको. आणि आत्तापासून मेपर्यंत मांडीचे व्यायाम रोज दहा मिनिटं. रोज.

---

तिखटमीठ:

@पायमोडके, देव तुमचं भलं करो. काठी बतासियाच्या बाजारात दिसलेली, बाबांनी "मी काय म्हातारा आहे का" म्हणून घेतली नाही. आणि हो, नंतर घेतली तेव्हा दुखऱ्या बाजूलाच धरून चालत होते आणि आम्ही सगळे बाजूने चला चला म्हणत होतो.

@सुभेदार_निवृत्त, सॅल्यूट पोचवला. आईंनी पदर सावरला.

---

मोमोप्रेमी:

खाण्याबद्दल काहीच नाही?? शाकाहारी लोकांचं काय होतं तिकडे? आणि आम्हाला गुरुवारी जायचंय, झूला गर्दी असते का?

---

हट्टी_प्रवासी:

गुरुवारी झू बंद असतं. आम्ही गेटवर जाऊन आलोत, सहकुटुंब.

---

तिखटमीठ:

खाण्याचं राहिलंच. व्हेज मोमो, व्हेज थुक्पा (नूडल्सचं सूप) सगळीकडे. चौरस्त्याच्या आसपास आलू दम मिळतो, लालभडक, तिखट, वर शेव-मुरमुरे टाकून, लेकीने तीन वेळा खाल्ला. मारवाडी पद्धतीची जेवणाची ठिकाणंही आहेत, आई-बाबांना पोळी-भाजी-वरण मिळालं. बाबांनी छुर्पी म्हणजे याकच्या दुधाचं वाळवलेलं चीज तोंडात टाकलं, दगडासारखं असतं ते, सुपारीसारखं चघळत ठेवायचं. कवळी आहे हे विसरले. पुढचं लिहीत नाही.

---

गवतीचहा:

आणि चहा? दार्जिलिंगवर एवढं लिहून चहाचा एक शब्द नाही, निषेध.

---

तिखटमीठ:

कारण त्यात माझी लाज आहे. दुकानात चाखायला दिला. फर्स्ट फ्लश म्हणजे वसंतातली पहिली तोड, फिकट, फुलासारखा वास. सेकंड फ्लश मे-जूनची, जरा गडद, द्राक्षाच्या अंगाने जाणारा. नवऱ्याने भाव बघून डोळे मिटले आणि शंभर ग्रॅम फर्स्ट फ्लश घेतला. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी त्याला आलं, गवती चहा, दूध घालून तीन उकळ्या दिल्या आणि म्हणाल्या, रंगच येत नाही गं याला, फसवलंय.

---

गवतीचहा:

मला दोन मिनिटं एकटं सोडा.

---

डोंगरवाट:

आणि ड्रायव्हर दादांनी चकलीच्या डब्याचं काय केलं?

---

तिखटमीठ:

अगं हो! दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो सेल रोटीने भरून. त्यांच्या घरी तिहारला करतात, तांदळाची गोड, मोठ्या बांगडीसारखी गोल, बाहेरनं कुरकुरीत आतनं मऊ. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत तसंच. आई तेव्हापासून मागे लागल्यात की कृती विचार. कुणाला येते का?

---

सुभेदार_निवृत्त:

आमच्या युनिटमधल्या जवानांच्या हातची खूप खाल्ली आहे, करताना बघितली आहे. तांदूळ रात्रभर भिजवून सरसरीत वाटायचे, फार बारीक नको. साखर, तूप, वाटल्यास पिकलेलं केळं, वेलदोडा घालून फेटायचं, पीठ धारेने पडेल इतपत पातळ, आणि थोडा वेळ झाकून ठेवायचं. मग तापलेल्या तेलात हाताने किंवा पेल्याने गोल धार सोडायची. काडीने उलटायची. पहिल्या चार-पाच वेड्यावाकड्या होतात.

---

तिखटमीठ:

आईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, म्हणजे अनरशाचंच पीठ, फक्त धीर नाही. तांदूळ आजच भिजत घातलेत.